डाळ न खाणारे डाळवाले

माझ्या धाकट्या सुनेनं मध्यंतरी एक नवं खाणं सुरू केलं. गहू बंद, डाळी बंद, शेंगदाणे बंद, टोमॅटो-वांगं-बटाटा बंद. काकडी खायची तर साल काढून आणि आतल्या बिया खरवडून. मी म्हटलं, अगं, दुखतंय काय तुझं? तर म्हणाली, आई, डाळींच्या न् बियांच्या सालीत लेक्टिन नावाचं काहीतरी असतं, ते आतड्याला सोसत नाही. म्हणून साधं, घरचं, कारखान्यातून न आलेलं तेवढंच खायचं. मोबाईलवर एका परदेशी बाईंचा व्हिडिओही दाखवला. मी तो अर्धा बघितला आणि हसायलाच लागले. सून रागावली. तिला वाटलं, सासू टिंगल करतेय. टिंगल कुठली, मला आमचे गुरुपादअण्णा आठवले होते. त्या माणसानं हे सगळं नव्वद सालाच्या आसपासच करून ठेवलं होतं, आणि तेही कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीच्या बाजारात, डाळीच्या पोत्यांना टेकून.

लक्ष्मीपुरीत आमचं भांड्यांचं दुकान, आणि शेजारचा गाळा अण्णांचा. तूर, हरभरा, मूग, मसूर, उडीद आणि शेंगदाणे, एवढा माल. वडिलांपासूनचा ठोक व्यापार. मूळचे गडहिंग्लजकडचे लिंगायत, त्यामुळं घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि ट्रकवाल्यांशी त्यांची अशी एक हिंदी, जी ट्रकवाल्यांनाही कळायची नाही. उंच, हाडकुळा माणूस. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. बोलणं मात्र हळू. आमच्याकडं हळू बोलणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर आजारी. मी लग्न होऊन आले, दुकानात बसायला लागले, तेव्हा अण्णा खरोखरच आजारी होते.

त्यांचं पोट. जेवण झालं की टम्म फुगायचं आणि तासाभरात अशी धावपळ व्हायची की गिऱ्हाइकाला तराजूपाशी तसंच उभं करून अण्णा पळायचे. आमचे हे अशा वेळी त्यांच्या दुकानात जाऊन उभे राहायचे. कोल्हापूरचे डॉक्टर झाले, मिरजेचे झाले. एकानं सांगितलं, आतड्याला आतून जखमा आहेत, रक्त जातंय, खाण्याला जपा. कशाला जपायचं ते मात्र त्यालाही नक्की सांगता येईना. अण्णा परत आले आणि त्यांनी पोटाचा प्रश्न धंद्याच्या रीतीनं सोडवायला घेतला.

ती रीत सांगायलाच हवी. माल घेताना अण्णा पोत्याच्या तोंडाशी असलेली डाळ कधी बघत नसत, कारण वर चांगला माल कुणीही ठेवतो. लोखंडी नळी पोत्यात खुपसून मधला, तळचा नमुना काढायचा, तळहातावर घ्यायचा, दाताखाली एक दाणा फोडायचा. एका वेळी एकच पोतं. दोन नमुने हातात एकत्र होऊ द्यायचे नाहीत. झाले तर हात झटकून पहिल्यापासून सुरुवात. पोटाचंही त्यांनी तसंच केलं. आधी नुसता आजऱ्याच्या जुन्या तांदळाचा मऊ भात आणि ताक. पोट शांत झालं, मग त्यात एकच नवी वस्तू. आठ-दहा दिवस तेवढीच. सोसली तर ठेवायची, नाही सोसली तर व्यापाऱ्याच्या भाषेत ‘परत’. ह्यात वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. ज्वारी राहिली, नाचणी राहिली, पालेभाज्या राहिल्या. सुरण, रताळं, मुळा, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, म्हशीचं तूप, ताक राहिलं. आम्ही रोज सकाळी निकाल विचारायचो. अण्णा शटर वर करता करता सांगायचे. गहू परत. शेंगदाणा परत. मटकी परत. हरभऱ्याचं विचारलं तेव्हा नुसता हात हलवला. शेवटी तुरीची पाळी आली, तर म्हणाले, “तूर गाडीसकट परत.”

म्हणजे बघा, डाळीचा व्यापारी आणि घरच्या डाळीचा दाणा पोटात जायची सोय नाही. बरं, गाव कोल्हापूर. इथं भाजीत दाण्याचं कूट नसलं तर बायकोला माहेरचं विचारतात. चटणीवाचून घास उतरत नाही. अण्णांनी लाल मिरचीसुद्धा परत केली आणि तिच्या जागी मिरं घेतलं. आमच्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. चटणी न खाणारा माणूस जगतो कशाला, असं त्यांना खरंच वाटत होतं.

पण अण्णा छान जगत होते. अंगावर मांस आलं, धावपळ थांबली, दुपारी दुकानात दहा मिनिटं झोपही लागायला लागली. बाराच्या सुमाराला घरून डबा यायचा. ज्वारीच्या दोन भाकरी, ताकात घोटलेला चाकवत, त्यात ना डाळ ना दाणे, नुसती लसणाची फोडणी. तिळाची चटणी, मुळ्याच्या चकत्या, बाटलीत हिंग-जिरं लावलेलं ताक. इतकं चवीनं जेवायचे की आमच्या डब्यातली आमटी आम्हालाच फिकी लागायची. जेवण झालं की ताट धुऊन ते पाणीही पिऊन टाकायचे. त्यांच्यातली जुनी माणसं तसं करतात, अन्नाचा कण टाकत नाहीत. म्हणूनच कुठं जेवायला बसले की वाढणारा यायच्या आतच ते ताटावर आडवा हात धरायचे. एकदा ताटात पडलं की खावंच लागणार, ही त्यांची धास्ती.

ह्या आडव्या हातावरून आमच्याच घरी एकदा गंमत झाली. आमची वास्तुशांत होती. अण्णा पंगतीत बसले आणि पिशवीतून आपला स्टीलचा डबा काढून पानावर भाकरी ठेवली. सासूबाई आमटीचं भांडं घेऊन आल्या, तर आडवा हात. पुरणपोळी आली, आडवा हात. सासूबाईंचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता त्या पान उचलूनच फेकतात. आमच्याकडं जेवायला येऊन नको म्हणणं म्हणजे भांडण काढणंच. अण्णांच्या ते ध्यानात आलं. ते हळू म्हणाले, “आजी, ताक हाय काय?” ताक आलं. एक वाटी प्याले, दुसरी प्याले, तिसरी मागितली, आणि मग विरजण कुठल्या दुधाचं, रवीनं किती घुसळलं, आलं कधी वाटून घातलं, अशी चौकशी सुरू केली. सासूबाई त्यांच्यासमोर बसूनच राहिल्या. पंगत उठली तरी दोघांचं ताक चालूच होतं. त्यानंतर आमच्या घरी काही असलं की अण्णांच्या पानाची काळजी सासूबाई स्वतः करायच्या, आणि दाण्याशिवाय रताळ्याचा कीस त्यांनी त्यांच्यासाठीच शिकून घेतला.

भाजी आणायलाही अण्णा स्वतः जायचे. दुधी घ्यायचा तर कोवळा, बी न धरलेला. एकेका दुधीला नख लावून बघायचे, कानाशी धरायचे, परत ठेवायचे. मंडईतल्या एका म्हातारीनं एकदा त्यांना विचारलं होतं, “अण्णा, भोपळा घ्यायलासा का सोयरीक जुळवायलासा?” अण्णा हसले, आणि तरीही त्यांनी चौथाच दुधी घेतला.

कुणी त्यांना साधूबिधू समजू नये. एका पावसाळ्यात ते आणि आमचे हे दुपारचे गायब झाले. नंतर कळलं की अण्णांनी मिसळ खाल्ली. अख्खी प्लेट, वर दोनदा कट मागून घेतला, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पुढचे तीन दिवस दुकान बंद. चौथ्या दिवशी आले तेव्हा चेहरा ओढलेला होता, पण पश्चात्ताप म्हणाल तर कणभर नाही. मी चांगलीच बोलले त्यांना. तर म्हणतात, चव नीट आठवते का ह्याची खात्री करायची होती. झाली खात्री, तशीच आहे, झकास. डॉक्टर मात्र चिडला. पुन्हा असं केलंत तर माझ्याकडं येऊ नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा, रक्त थांबवणं सोपं नसतं, असं त्यानं बजावलं.

आपल्या खाण्याचा उपदेश मात्र त्यांनी कधी कुणाला केला नाही. पोटाची तक्रार घेऊन लोक यायचे, अण्णा, काय खाऊ विचारायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं, “माझ्या पोटाचा बाजार येगळा हाय. तुमचं तुमी बघा, पर एका येळी एकच.” आणि मग त्याच माणसाला ते मन लावून डाळ विकायचे.

आणि ह्याच गोष्टीनं त्यांचा घात केला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एकदा गावात बोलवा उठली की तूरडाळीत लाखी डाळ मिसळतात. लाखीनं पाय लुळे पडतात असं सगळ्यांनी ऐकलेलं, त्यामुळं लोक घाबरले. सगळ्या गल्लीचीच विक्री बसली. पण अण्णांचं दुप्पट वाईट झालं. एक खाणावळवाला आमच्याकडं पातेलं घ्यायला आला होता. तो मला म्हणाला, “वैनी, तुमच्या शेजाऱ्यांना आपल्या मालाचं ठावं असणारच की. उगंच काय इतकी वर्षं डाळ तोंडात घेत न्हाईत?” माझं टाळकंच सरकलं. मी त्याला सांगितलं, पातेलं ठेव तिथं आणि चालता हो. पण एकाला हाकलून काय होणार? डाळवाला स्वतः डाळ खात नाही, हा गल्लीतला जुना विनोद होता. आठवड्याभरात त्याची साक्ष झाली. जुनी गिऱ्हाइकं अण्णांच्या दुकानासमोरून मान खाली घालून पुढं जायला लागली.  अण्णा नमुना काढून दाखवायचे, डॉक्टरचं सांगायचे, पण भ्यालेल्या माणसाला पोटाची कहाणी कोण पटवणार.

मग त्यांच्या मठातले दोघं वडीलधारे आले. गावाकडच्या त्यांच्या मठात दरवर्षी मोठा दासोह असतो, म्हणजे सगळ्या आल्यागेल्याला पोटभर जेवण. त्याची तूरडाळ वडिलांच्या वेळेपासून अण्णांच्या दुकानातून जायची. विकत नव्हे, सेवा म्हणून. ते दोघं बसले, ताक प्याले, इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी खाली बघत म्हणाले की ह्या वर्षी राहू द्या, लोक विचारतात, आम्ही दुसरीकडून घेतो. अण्णा “बरं” म्हणाले. त्यांना पायरीपर्यंत पोचवून आले. मग उघड्या पोत्यापाशी बसले आणि डाळीत कोपरापर्यंत हात घालून कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.  धंदा बुडाला असता तरी ते इतके खचले नसते.

गल्लीतल्या लोकांनी उपाय काढला. दुकानासमोर बसायचं आणि चार लोकांदेखत वाटीभर आमटी भुरकायची, विषय मिटला. आमचे हेसुद्धा त्यात होते. मी म्हटलं, मिसळीच्या वेळचं विसरलात काय? तर म्हणे एकच वाटी. अण्णा स्वतःच तयार झाले. सोमवारी खातो म्हणाले, अगदी शांतपणे. त्यांच्या त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली. मी दुकान तसंच टाकून त्यांच्या घरी गेले आणि महादेवीअक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, सगळं सांगितलं.

अक्का ठेंगणी, तोंडानं तिखट. दुकानात कधी पाऊल टाकायची नाही. मेथी निवडत बसली होती. ऐकून घेतलं, “असं ठरलंय व्हय,” एवढंच म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मी हात हलवत परत आले.

सोमवारी सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली. अक्का उतरली. इरकली लुगडं, डोक्यावर पदर. मागोमाग स्टोव्ह, कुकर, कढई, फोडणीचा डबा उतरला. अण्णा पुढं झाले तर त्यांना म्हणाली, “तुमी आत बसा. तुमचं काम न्हवं हे.” रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी बाईला तिनं हाक मारली आणि कुठल्याही पोत्याला बोट लावायला सांगितलं. बाईनं सगळ्यात मागचं दाखवलं. हमालानं ते ओढून काढलं, शिवण उसवली. अक्कानं ओंजळीनं डाळ घेतली, धुतली आणि पायरीवरच कुकर लावला. शिट्ट्या व्हायला लागल्या आणि माणसं जमायला लागली. लक्ष्मीपुरीत भर बाजारात एका व्यापाऱ्याची बायको स्वयंपाक करतेय, म्हटल्यावर कोण हलणार? लसणाची फोडणी पडली तेव्हा समोरच्या गुळाच्या दुकानातली माणसंही येऊन उभी राहिली. खाणावळवालाही होता मागं. मी त्याला बघून ठेवलं.

अक्कानं पायरीवर बैठक मारली, ताटात भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली आणि खायला लागली. कुणाकडं बघितलं नाही. ताट संपलं. दुसऱ्यांदा घेतली. ती संपली. तिसऱ्यांदा पळी घातली तेव्हा आमचे हे म्हणाले, बास की अक्का, बघितलं लोकांनी. अक्कानं मान वर केली. आमच्याकडं बायकाही ‘येतो-जातो’ म्हणतात, तशाच ठसक्यात ती बोलली.

“लोकांसाठी पहिलं ताट हुतं. हे माझं हाय. ह्यांचं पोट बिघडल्यापासनं आज आमटी खायला लागलोय मी.”

कुणालाच काही कळेना. मग तिनं जेवता जेवताच सांगितलं. घरात डाळ शिजवली की वास ह्यांच्या नाकात जाणार, इच्छा होणार, आणि खाता तर येणार नाही. म्हणून तिनं डाळ शिजवणंच बंद केलं होतं. ते खातील तेच तीही खात होती. अण्णांना ह्याचा पत्ताच नव्हता. दुपारी ते डबा खायचे दुकानात. रात्री आधी त्यांचं जेवण व्हायचं, मग अक्काचं, आणि तिच्या ताटात काय आहे ते बघायला ते कधी थांबलेच नाहीत. पोत्याच्या तळाचा माल बघणारा माणूस, पण घरातलं एवढं त्याला दिसलं नव्हतं.

मी अण्णांकडं बघितलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांना दुकानाचं, मठाचं, गर्दीचं काही भान नव्हतं. अक्का खात होती आणि ते तिच्याकडं बघत होते. नवी ओळख व्हावी तसे बघत होते.

पुढचं सगळं कोल्हापूरच्या पद्धतीनं झालं. एक जण म्हणाला, वास तर बरा यायलाय, वाटीभर आम्हाला द्या की. माझ्या दुकानातल्या नव्याकोऱ्या वाट्या मी बाहेर काढल्या. खाणावळवाल्यानं हात पुढं केला तेव्हा अक्कानंच त्याला वाढलं. तिच्या जागी मी असते तर वाढलं नसतं. कढई रिकामी झाली. विक्री लगेच सुधारली असं नाही, काही गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. पण मठातले ते दोघं पुढच्या वर्षी आपण होऊन आले, आणि अण्णांनी त्या दिवशी पोती स्वतः उचलून ट्रकात चढवली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. दुकान पुतण्याकडं गेलं होतं. अक्काचे गुडघे धरले होते म्हणून भेटायला गेले, तर ती पलंगावर बसलेली आणि अण्णा स्वयंपाकघरात, बनियनवर, स्टुलावर बसून कढई ढवळत होते. आमटी. त्या सोमवारनंतर अक्कासाठी रोज तेच करायचे. शिजवणं शिकले होते, पण अडचण एकच, चाखता येत नव्हतं. त्यामुळं दाराशी येईल त्याला आत बोलवायचे. पोस्टमन, दूधवाला, मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांनी त्या घरातली आमटी पळीनं चाखली होती, असं अक्का हसत हसत सांगत होती. मला बघून अण्णांचा चेहरा उजळला. “सुमनताई, बरं झालं आलासा. मीठ बघा की जरा.”

मी तळहातावर घेऊन बघितलं. किंचित कमी होतं. तसं सांगितलं. त्यांनी चिमूट टाकली, पुन्हा चाखायला लावली, मग गॅस बंद केला.

दोन ताटं वाढून ते बाहेर आले. एकात भाकरी आणि आमटी, दुसऱ्यात भाकरी आणि तांदळीची पालेभाजी. आमटीचं ताट आधी अक्कापुढं ठेवलं आणि स्वतः समोर मांडी घालून बसले. पण आपल्या ताटाला हात लावेनात. मी म्हटलं, जेवा की अण्णा, गार होतंय. त्यांनी मला हातानंच थांबवलं. अक्कानं भाकरी कुस्करली, घास घेतला, सावकाश चावला.

“आज जमलीया,” ती म्हणाली.

मग अण्णांनी आपली भाकरी मोडली.